मदत हवी आहे: गिधाडं गेली, मग कावळे-घारी कशा टिकल्या?

मंडळी, सातवीतल्या लेकीच्या प्रश्नावर अडकलेय. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले, २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी आली, इथवर सांगितलं. शिवाय मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. भरपाई होणार कशी? हे तिला पटलं.

पण "त्याच मेलेल्या बैलावर कावळे, घारी, कुत्रीही यायची ना?" यावर मी गप्प! माझ्या आजोळी ढोर मेलं की माळावर ओढून टाकत, तिथे ही सगळी पंगत मीही पाहिलीय.

कावळा उष्टंखरकटंही खातो म्हणून वाचला, की शरीरातच काही फरक? कुणी पशुवैद्य असाल तर सोप्या मराठीत सांगा. सोमवारी तिला वर्गात बोलायचंय.