पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस: पीएमडीडी (पाळीआधी मनःस्थिती टोकाची बिघडवणारा विकार) ओळखायचा कसा, पुढे पाठवायचं कधी?

खाजणकाठ

राजापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. तिशीच्या आसपासच्या तिघींची तक्रार जवळजवळ सारखीच आहे. पाळीच्या आठवडाभर आधीपासून राग अनावर, रडू, छातीत धडधड, "मी नसलेलीच बरी" असले विचार. कावळा शिवला की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक. एकीला बी-१२ची इंजेक्शनं देऊन झाली, दुसरीला कुणीतरी "पिशवी काढून टाक, सुटशील" म्हणून सांगितलंय.

नोंद कशी ठेवायला लावू? पाठवू कुठे? इथे मानसोपचार म्हटलं की "रत्नागिरीक नेतत" (म्हणजे मनोरुग्णालयात) अशी गावभर बोंब होते. आणि चतुर्थी तोंडावर आलीय, तिघीही पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतायत. चालतील का?

सुरंगी

वर्णन पीएमडीडीचंच वाटतं, पण नुसत्या वर्णनावर शिक्का मारू नका. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात २०१३ साली हा स्वतंत्र विकार म्हणून आला. अकरा लक्षणांपैकी किमान पाच हवीत आणि त्यात मनःस्थितीचं किमान एक हवंच: एकदम पालटणारा मूड, चिडचिड, उदासी किंवा धास्ती. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ती ओसरायला हवीत. आणि हे सगळं रोजच्या नोंदीतून, किमान दोन पाळ्यांत दिसलं पाहिजे. आठवून सांगितलेलं फसवं असतं. माणसाला वाईट दिवस लक्षात राहतात आणि ते पाळीला जोडायची आपल्याला सवयच असते.

वही साधी ठेवा. रोज रात्री झोपताना चार आकडे, प्रत्येक १ ते ६ मध्ये: चिडचिड, उदासी, धास्ती, कामात किंवा नात्यात अडथळा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचं. रक्तस्रावाच्या दिवसांवर फुली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला सांगू नका, घरातल्या सगळ्यांच्या नजरेला पडतं आणि मग आकडे खोटे होतात. छोटी डायरी किंवा मोबाइल बरा. आठवड्याची नोंद रविवारी एकदम भरली तर तो आठवडा बाद समजा. तापाचा किंवा पाळी लांबवलेला महिनाही हिशेबात धरायचा नाही.

मग दोन सरासऱ्या काढा. एक पाळीच्या आधीच्या ७ दिवसांची, दुसरी पाळीच्या ४थ्या ते १०व्या दिवसाची. आधी ५ आणि नंतर १-२ येत असेल तर पीएमडीडीची शक्यता दाट. आधी ५-६ पण नंतरही ३-४ राहत असेल तर नैराश्य किंवा चिंता बाराही महिने आहे आणि पाळीआधी ती फक्त वर उसळते. उपचार बदलतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

हार्मोनच्या तपासण्यांवर पैसे घालवू देऊ नका, त्या नॉर्मलच येतात. हार्मोन कमी-जास्त नसतात, त्यांच्या नेहमीच्या चढउताराला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन एरवी शांत करतं, काही जणींत तेच उलटं वागतं. पिशवी काढण्याबद्दलही यातच उत्तर आहे. अंडाशय जागेवर राहिले तर चक्र चालूच राहतं, त्रासही. वर फुली मारायला पाळीच उरत नाही, म्हणजे निदान आणखी अवघड.

गाऱ्हाणं

सगळे वहीवर बोलतायत, पण "मी नसलेलीच बरी" याला दोन महिने थांबता येणार नाही. एकटीला बसवून सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा हे मनात येतं का, आधी कधी प्रयत्न केलाय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवा, मधल्या काळात तिला एकटी सोडू नका. आपल्याकडे पडवीत आंब्याच्या फवारणीची औषधं उघडी पडलेली असतात. ती कुलपात जाऊ देत, चावी दुसऱ्याकडे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.

घरात कुणी गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा म्हणत असेल तर वाद घालू नका. ते त्यांचं चालू दे, आपली वही चालू दे. नवरा मुंबईला असेल तर त्याला नोंदीतल्या तारखा कळवून ठेवा. पैशाचे, जमिनीचे, माहेरी जाऊन राहायचे निर्णय त्या आठवड्यात फोनवर करायचे नाहीत, एवढं ठरलं तरी भांडणं कमी होतात.

गोळीचा डबा

औषधांचं आणि चतुर्थीचं.

पाळी लांबवायला बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून देतात. बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. हे प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं औषध. म्हणजे ज्या खिडकीत ती बाई पोळते तीच आपण आठ-दहा दिवस उघडी ठेवतो. काहींना काहीच होत नाही, काहींचं गौरीपूजन रडण्यात जातं. तिघींना हे आधी सांगा, मग त्यांना ठरवू दे. वाईट विचार येणारीला मी देणार नाही. या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा डोळ्यांपुढे झगमगाट होऊन अर्धशिशी उठत असेल तर नकोच. आणि दुकानातून मागल्या दाराने तर मुळीच नको.

पीएमडीडीवर पहिलं औषध एसएसआरआय, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक गट: सर्ट्रालिन ५० मिग्रॅ, फ्लुओक्सेटिन २० किंवा एसिटालोप्रॅम १०. डोस डॉक्टर ठरवतील. नैराश्यात गुण यायला आठवडे लागतात, इथे काही दिवसांत दिसतो. त्यामुळे रोज न घेता फक्त पाळीआधीचे १४ दिवस घेऊनही चालतं. चूक होते ती मोजण्यात. "पाळीच्या १४व्या दिवसापासून" हे फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू. चक्र ३२ दिवसांचं असेल तर १८वा दिवस. सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतली की कमी. या काळात पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या भाराभर घेऊ नयेत, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. बहुतेक जणी सांगत नाहीत, कारण ती "पाठीची गोळी" असते.

गर्भनिरोधकही हवं असेल तर ड्रोस्पायरेनोन ३ मिग्रॅ आणि इथिनिल इस्ट्राडिओल २० मायक्रोग्रॅमची २४ अधिक ४ वाली (२४ औषधाच्या, ४ बिनऔषधाच्या) गोळी. अमेरिकेत २००६ मध्ये ती पीएमडीडीसाठी मंजूर झाली. ती पोटॅशियम वाढवू शकते, म्हणून बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखं काही चालू असेल तर तपासून.

वरी-नाचणी

कॅल्शियमचं मी सांगते. १९९८ च्या अमेरिकी अभ्यासात रोज १२०० मिग्रॅ दिल्यावर तिसऱ्या चक्रात लक्षणं ४८ टक्के कमी झाली, नुसत्या दिखाऊ गोळीवर ३० टक्के. मात्र तो पीएमएसवरचा (पाळीआधीच्या सौम्य त्रासावरचा) अभ्यास होता, म्हणून हे औषधाच्या जोडीला, बदली नव्हे. "नाचणी खा" म्हणून मोकळं होऊ नका. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७५ मिग्रॅ कॅल्शियम, म्हणजे रोज सात भाकऱ्या लागतील! गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च. जेवणानंतर घ्यायची आणि उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळीसोबत कधीच नाही. दोन्हींतली एक सकाळी, दुसरी रात्री. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी विचारा.

बी-६ रोज १०० मिग्रॅच्या वर नको. महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर हातापायाला मुंग्या येतात, आणि मग त्या मुंग्यांवर पुन्हा बी-कॉम्प्लेक्स लिहून मिळतं.

सुरंगी

पाठवण्याचं राहिलं. मनोरुग्णालयाचं नाव काढायची गरजच नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत इतरांसारखाच केसपेपर निघतो. प्रवास जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून बोला, वहीचे फोटो सोबत ठेवा. चिठ्ठीत "मूड स्विंग्ज" एवढंच लिहू नका. दोन्ही सरासऱ्या, चक्राची लांबी, जीव द्यायच्या विचारांबद्दल मिळालेलं उत्तर, आणि तिला किंवा घरात कुणाला बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) आहे का, हे लिहा. असेल तर एसएसआरआय जपूनच सुरू करतात.

खाजणकाठ

दोघींची वही आजपासून. तिसरीला आधी एकटीला भेटते, तेच वाक्य तिचं होतं. तिची पाळी कधी २६, कधी ३८ दिवसांनी. १४ दिवस मागे मोजायचे कसे?

गोळीचा डबा

मोजू नका. अशा अनियमित चक्रात गोळी रोजच देतात, बाराही महिने. अर्धवट महिन्याचा खेळ तिच्या बाबतीत चुकणारच. मात्र रोजची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, चक्कर आणि अस्वस्थपणा येतो. सोडताना डॉक्टर हळूहळू उतरवतील.