प्रतिसाद: १९१२ची ज्युनिअर गेलिक फुटबॉल स्पर्धा

'ज्युनिअर म्हणजे पोरांची स्पर्धा का?' असं वर विचारलंय. नाही हो, गेलिक फुटबॉलमध्ये (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल, यात चेंडू हातानेही खेळतात) 'ज्युनिअर'चा वयाशी काही संबंध नाही. सीनिअरच्या खालची ही पायरी, खेळाडू प्रौढच. अखिल आयर्लंड ज्युनिअर स्पर्धा १९१२ला सुरू झाली, पहिला विजेता टिपरेरी.

त्या काळचे गुणफलक वाचताना घोळ होतो तो असा: १-३ विरुद्ध ०-७. पहिला आकडा गोलांचा (चेंडू आडव्या दांडीखालून), दुसरा पॉइंटांचा (दांडीवरून). १८९६पासून एक गोल म्हणजे ३ पॉइंट, म्हणून १-३ म्हणजे ६, आणि ०-७वाला जिंकला! १८९२च्या आधी मात्र एका गोलापुढे कितीही पॉइंट फिके पडत; तो जुना हिशोब इथे लावू नका.

आणि १९१२ला संघात १७ जण असत. १५ झाले ते १९१३पासून.