होरपळणे: वरवर जळण्याचे शब्द

‘होरपळणे’ला सरसकट ‘जळणे’ म्हटलं की अर्थ निसटतो. जळणाऱ्या वस्तूला आग लागलेली असते. होरपळणाऱ्याला धग लागते, ज्वाळा चाटून जाते. वणव्यानंतर उभं राहिलेलं झाड पाहा: साल काळी, पानं वळून तपकिरी, पण सालीखाली नखाने खरवडलं तर हिरवं. ते झाड होरपळलं. शेजारचं गवत जळलं.

यावर हमखास आक्षेप येतो, की बातमीत तर ‘होरपळून मृत्यू’ असतं. ते बरोबरच आहे. होरपळणं म्हणजे वाचणं असं कुठेच म्हटलेलं नाही; तो शब्द फक्त इजा कशी झाली ते सांगतो. ‘पोळून मृत्यू’ मात्र कोणी लिहीत नाही, कारण पोळणं हे स्पर्शाचं आणि तेवढ्यापुरतं. जीभ पोळते, तापल्या वाळूत तळवे पोळतात, मग जागा नुसती हुळहुळत राहते.

करपणं वेगळं. त्यात ओलावा संपतो, म्हणून आग असलीच पाहिजे असं नाही. कडाक्याच्या थंडीनेही पानं करपतात, होरपळत नाहीत. भातावरचा करपा तर बुरशीचा रोग. पण दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेने तपकिरी असा ठिपका पाहिला की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते.

दवाखान्यात हे सगळे भेद बाजूला पडतात आणि एकटा ‘भाजणे’ उरतो. ‘३० टक्के भाजला’ हे त्वचेचं क्षेत्रफळ असतं, खोली नव्हे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटं धरून, साधारण १ टक्का. गंमत म्हणजे कातडी नुसती लाल झाली, फोड आला नाही, तर तो भाग या टक्क्यांत धरतच नाहीत. आपण ज्याला पोळणं म्हणतो त्यातलं बरंचसं हिशेबाबाहेरच!

लाक्षणिक अर्थांतही वाटणी पक्की आहे. मत्सराने जळतात, अनुभवाने पोळतात, उमेद करपते. दुष्काळात, दंगलीत, महागाईत माणसं होरपळतात, कारण आग दुसऱ्याची असते. म्हणून ‘तो स्वतःच्या रागात होरपळला’ हे वाक्य मला खटकतं. तिथे ‘जळला’च हवं.