मदत हवी आहे : रग्बीतल्या ‘कॅप’ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, मुलांच्या अंकासाठी एरिक लिडेलवर लिहितोय. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावणार नाही म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत सुवर्ण मिळवलं, तोच. पण त्याआधी १९२२ आणि २३ मध्ये तो स्कॉटलंडकडून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागी, रग्बी खेळायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. सात सामने, चार ‘ट्राय’. सगळा हौशी मामला, खेळायचे पैसे नाहीत.

अडलोय ते इथेच. रग्बीत देशाकडून एक सामना खेळायचा मान मिळाला, की एक ‘कॅप’ मिळाली म्हणतात. ‘त्याला सात टोप्या मिळाल्या’ लिहिलं, तर मुलगी म्हणाली, “बाबा, सात वेळा फसवलं त्याला?” ‘सात आंतरराष्ट्रीय सामने’ बरोबर आहे, पण मान मिळाल्याची गंमत जाते.

दुसरं, ‘ट्राय’. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा, तेव्हा त्याचे तीनच गुण होते. मुळात त्यामुळे गोलावर किक मारायचा प्रयत्न करता यायचा, म्हणून हे नाव. ‘प्रयत्न’ लिहिलं तर वाटेल, बिचाऱ्याला जमलंच नाही! तसंच ‘ट्राय’ ठेवू का?

क्रीडा पानावर काम केलेलं कुणी आहे का इथे? शनिवारपर्यंत मजकूर द्यायचाय.