करलवरून जुनी समुद्रपातळी कशी काढायची?

प्रश्न (नागपूर): आमची भूशास्त्राची तुकडी कोकणात जाते आहे. करल, म्हणजे चुन्याने घट्ट झालेली किनाऱ्यावरची वाळू, भरतीरेषेच्या २ मीटर वर दिसली, तर समुद्र तेवढाच वर होता का? आणि वय कसं काढायचं?

उत्तर १: थेट नाही, भाऊ. करल भरती-ओहोटीच्या पट्ट्यात घट्ट होतो. पट्टा ३ मीटरचा असेल तर तितकी अनिश्चितता धराच. आधी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कणांभोवती सगळीकडे सुयांसारखी अ‍ॅरागोनाइटची (चुन्याच्या एका खनिजाची) झालर असेल तर तो समुद्राच्या पाण्यात घट्ट झालाय. चुना फक्त कणांच्या सांध्यांत असेल तर बहुधा पावसाचं. तो थर वाऱ्याने साचलेल्या टेकडीचाही असू शकतो. इथेच जास्त चुका होतात.

उत्तर २: शिंपल्याचं कार्बन-१४ वय समुद्री पाण्यामुळे साधारण ४०० वर्षं जास्त येतं, दुरुस्ती करा. झिजलेला शिंपला घेऊच नका, तो थरापेक्षा जुना असू शकतो. ओएसएलसाठी, म्हणजे वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजण्यासाठी, क्वार्ट्झ हवा. बेसॉल्टच्या कोकणात तो कमी मिळतो. मोठा ठोकळा काढून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बाहेरचे २-३ सेंमी लाल दिव्याखाली काढून टाका. उजेड लागला तर वय कमी येतं. हिशेबात थराचा ओलावा कमी धरला तरी तसंच.

प्रश्नकर्ता: म्हणजे उंचीआधी काप. धन्यवाद!