मदत हवी आहे: शेवटच्या प्रसंगाचा अर्थ कसा लावावा?

पिंपळपान
आमच्या चित्रमंडळात रविवारच्या चर्चेची सुरुवात मला करायची आहे आणि रेल्वेगाडीतल्या शेवटच्या प्रसंगापाशी मी पूर्णपणे अडले आहे. तो हरला, असे मंडळातले बहुतेक सभासद म्हणतात. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे मांडता येत नाही. कथा किंवा पुरस्कारांची माहिती नको आहे. कृपया आज रात्रीपर्यंत कोणीतरी लिहावे.

खिडकी
आपण चित्रपटाचे नावच लिहिलेले नाही. ‘तो’ म्हणजे कोण?

पिंपळपान
चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. त्यातला शास्त्रीय गायन शिकणारा नायक शरद नेरुळकर, त्याच्याविषयी विचारते आहे.

कोमल_ऋषभ
मी ख्याल शिकलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. शरदचा रियाज खरा आहे, निष्ठाही खरी आहे, पण राग त्याच्या गळ्यातून उलगडत नाही, आणि हे चित्रपट संवादांतून न सांगता गाण्यातूनच ऐकवतो. ही भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः तयारीचे गायक आहेत आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड तर जयपूर घराण्याचेच, म्हणूनच हा फरक कानाला इतका नेमका कळतो. स्वतःची मर्यादा ओळखणाऱ्याला हरलेला म्हणू नये.

सांजदिवा
आपण सगळा भार गळ्यावर टाकता, हे मला मान्य नाही. रात्री मोटारसायकलवरून जाताना शरद गुरुजींच्या गुरू माई यांच्या ध्वनिफिती ऐकतो (तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे), आणि एकटे, उपाशी राहण्याची तयारी हवी, श्रोत्यांसाठी गाऊ नये, ही शिकवण ऐकत तो मोठा होतो. जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माई आणि गुरुजींविषयी कटू गोष्टी सांगतो, तेव्हा शरद हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. गाण्यापेक्षा त्या दंतकथेवरच त्याचे आयुष्य उभे होते, असे माझे ठाम मत आहे.

कोमल_ऋषभ
तीच शिकवण घेऊन गुरुजी गाऊ शकले, हे आपण विसरता.

जुनी_तिकिटे
माझ्या मते चर्चा ‘द डिसायपल’पासून सुरूच करू नये. आधी याच दिग्दर्शकाचा २०१४ चा ‘कोर्ट’ दाखवावा. तिथे सुटीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात, चित्रपट संपला असे वाटते आणि मग आपण सहलीला गेलेल्या न्यायाधीशांना बाकावर डुलक्या घेताना पाहतो. मुले ओरडून त्यांची झोप मोडतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपी जातात. न्यायव्यवस्थेवर इतके भेदक दृश्य मी मराठी पडद्यावर दुसरे पाहिलेले नाही.

खिडकी
‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आहे. इयरफोन लावून पाहावा, तानपुरा स्पष्ट ऐकू येतो. व्हेनिसला २०२० मध्ये त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता.

पिंपळपान
खिडकी, पुरस्कार नकोत असे मी लिहिले होते. जुनी_तिकिटे, आपण दुसऱ्याच चित्रपटाविषयी लिहिलेत, तरी माझी अडचण त्यानेच सुटू लागली आहे. दोन्हीकडे कथेचा निकाल लागल्यानंतरही दिग्दर्शक थांबत नाही; निकालाबाहेर जगणारा माणूस तो आपल्याला दाखवतो. रेल्वेगाडीत शरद पत्नी आणि मुलीबरोबर बसलेला आहे, आणि डब्यात गाणाऱ्या भिक्षेकऱ्यामागे ना घराणे आहे ना समीक्षक. माईंनी ज्या एकाकी आणि उपाशी गायकाची कल्पना केली होती तो कदाचित हाच, पण तो गातो पैशांसाठीच. मंडळातले सभासद हार मोजतात ती मैफलीच्या मापाने, आणि या डब्यात ते माप लागूच पडत नाही, म्हणून मला त्यांचे म्हणणे पटत नव्हते.

सांजदिवा
हेच मांडावे. मात्र शरदच्या चेहऱ्यावर शांती दिसते असे म्हणू नये. तिथे तसे काही ठाम दिसत नाही.

कोमल_ऋषभ
माझा आक्षेप कायम आहे. शरद मैफलीत मध्येच गाणे थांबवून उठून जातो, तो प्रसंग वगळून केवळ रेल्वेगाडीवर बोलाल, तर त्याने सोडून दिलेल्या गोष्टीचे वजन श्रोत्यांना कळणार नाही. मंडळात पडद्याची सोय आहे का, हेही आपण लिहिलेले नाही.

पिंपळपान
पडदा आहे, आवाजाची व्यवस्थाही चांगली आहे. मैफलीचा प्रसंग आधी दाखवीन आणि लगेच रेल्वेगाडीचा. त्या गाण्यात शरदला काय ऐकू आले असेल, हा प्रश्न विचारून चर्चा सुरू करीन.