काठमांडूत एकच दुपार : पाटण की भक्तपूर?

फिरस्ती : सकाळी पशुपतिनाथ. सोबत सासूबाई, गुडघे दुखरे. दुपारी कुठे जावं?

वाटसरू : पाटणच. दरबार चौक सपाट. १६३७चं कृष्णमंदिर अख्खं दगडी. खालच्या मजल्यावर महाभारत कोरलंय, त्यावर रामायण. माझी आई द्रौपदी शोधत अर्धा तास मान वर करून उभी होती, मग रात्री मानेला बाम! जवळच हिरण्यवर्ण महाविहार हा बौद्ध मठ. चामड्याची पादत्राणं बाहेरच काढायची. अंगणात कासवं मोकळी फिरतात, पायाखाली बघून चाला.

घाटमाथा : भक्तपूरचं न्यातपोल मंदिर पाच छपरांचं, १७०२चं, पण पायऱ्या फार उभ्या. त्यांना खाली बसवून मातीच्या कुल्हडातलं जुजू धौ द्या. दही कसलं, खरवसच!

फिरस्ती : सासूबाईंनी 'दही' ऐकलं. भक्तपूर ठरलं.